पाचशे रुपये

मागच्या महिन्यात आमच्या बसच्या ठेकेदाराकडे एक नवीन पोट्टा ड्रायव्हर म्हणून लागला. ट्रक-बसचं हेवी लायसन्स काढून त्याला वर्षही झालं नसेल. पगाराच्या दिवशी त्याची स्लिप सहज नजरेला पडली: 17,000. माझी 17,500. मी 24 वर्षं स्टेअरिंगवर आहे. म्हणजे वर्षाला 21 रुपयेसुद्धा वाढ नाही. पोट्ट्यावर राग नाही, चांगला आहे. पण त्या रात्री झोप लागली नाही.

सुरुवात मी नागपूरजवळच्या वाडीला केली, ट्रान्सपोर्टात क्लीनर म्हणून. मग दहा चाकी ट्रक, रायपूर आणि हैदराबाद लाइन. पगार नावालाच होता, कमाई सगळी भत्त्यावर. कळमन्याच्या बाजारातून संत्रा भरला आणि माल सडायच्या आत पोचवला, तर शेठ खूश. पण गाडी आठ दिवस उभी राहिली की भत्ता बंद, घरी किराणा मात्र चालूच. मे महिन्यात तर केबिनमध्ये इंजिनची धग खालून आणि नागपूरचं ऊन वरून. डोक्याला ओला दुपट्टा, तोही अर्ध्या तासात कोरडा. आता 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली म्हणे. आमच्या वाट्याची धग आम्ही खाऊन झालो.

भत्त्याची खरी गोम मला घरासाठी कर्ज काढायला गेलो तेव्हा कळली. बँकेतला साहेब स्लिप पाहतो, भत्ता पाहत नाही. पीएफसुद्धा मूळ पगारावरच कापला जायचा. दहा वर्षं रस्त्यावर जे कमावलं, ते कागदावर कुठंच नव्हतं. म्हणून बस धरली. पहाटे मानेवाड्याहून बुटीबोरीच्या कंपनीत, संध्याकाळी परत. मधले तास झाडाखाली जातात, त्याचे पैसे नाहीत. पण रोज रात्री घरी असतो. पोरगी बारावीला आहे, तिच्यासाठी एवढं पुष्कळ.

भाचा हिंगण्याला राहतो, 21 वर्षांचा. परवा विचारत होता, "मामा, हेवी काढू का?"

"काढ नं," म्हटलं, "पण आधी हिशेब ऐक."

लाइट लायसन्स त्याच्याकडे आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्याच लायसन्सवर 7,500 किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे छोटा हत्ती तो आजही चालवू शकतो. पण त्याला म्हटलं, ज्याच्या गाडीवर नोकरी करशील, त्याचा हप्ता आधी फिटेल, तुझा पगार नंतर. हेवी काढलंस तर नुसता ट्रक धरू नको. पेट्रोल-गॅससारख्या धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं ट्रेनिंग असतं, ते कर, लायसन्सवर नोंद करून घे. माझा एक जुना सोबती टँकरवर गेला, तो माझ्यापेक्षा बराच पुढं आहे. मी आळस केला. कुणी सांगणारंही नव्हतं, पण आळसच खरा.

भाच्यानं शेवटी विचारलंच, "तुम्हाला आता किती मिळते, मामा?"

सांगितलं. तो गप्प झाला आणि चहा प्यायला लागला.

काल कंपनीच्या गेटातून नव्या पोट्ट्याला बस रिव्हर्स घेणं जमेना. आरसा खांबाला घासायच्या बेतात होता. सुपरवायझर धावत आला, "काका, जरा दाखवा नं त्याला."

उतरलो, दाखवलं.