तेरा स्क्रू आणि एक वाटी

काल रात्री फोन ओट्यावरून थेट फरशीवर. काच गेली. चूक माझीच, पिठाचे हात!

फोन म्हणजे २०२० मध्ये घेतलेला फेअरफोन ३, घरच्या घरी उघडून दुरुस्त करता येणारा. आम्स्टरडॅमला राहायला आल्यावर इथलीच कंपनी म्हणून कुतूहलाने घेतला होता. डिस्प्ले मागवून ठेवलेला होताच (माझा माझ्या हातांवर भरवसा नाही). आज दुपारी मागचं झाकण नखाने उघडलं, बॅटरी काढली आणि फोनसोबत आलेला इवलासा स्क्रूड्रायव्हर शोधला. तेरा स्क्रू. लेक मिसळणाच्या डब्यातल्या मोहरीच्या वाटीत एकेक मोजून ठेवत होती. बारा झाले, तेरावा सापडेना. वीस मिनिटं दोघी जमिनीवर रांगत होतो. शेवटी तो तिच्या मोज्याला चिकटलेला निघाला.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल, लॅपटॉपवर. "अजून तोच फोन? नोकरी ठीक चाललीय ना गं?"

तिला सांगितलं, २०१३ च्या पहिल्या फोनपासून ही मंडळी कथील, टँटलम (फोनमध्ये लागणारा एक धातू) कुठल्या खाणीतून येतं ते बघतात, नंतर सोनंही फेअरट्रेडचं, म्हणजे खाणकामगारांना रास्त भाव देणारं. पूर्ण न्याय्य फोन अजून कुणालाच जमलेला नाही, हे तेच कबूल करतात. आईला फक्त सोनं ऐकू आलं. "किती ग्रॅम?"

कॅमेरा यथातथाच आहे, हे मान्य. पण हेडफोनचं भोक आहे! फेअरफोन ४ मध्ये तेही काढून टाकलं, त्याचा राग मला अजून आहे.

फोन सुरू झाला. वाटीला मात्र मोहरीचे दोन दाणे चिकटले होते, ते आत गेले नसावेत अशी आशा.