गाडीचा नुसता आवाज

गेली १८ वर्षे मी पुण्यात फर्निचरची कामे घेतो. दोन वर्षांपूर्वी कोथरूडमधील एका गृहस्थांनी आपल्या सात वर्षांच्या मुलाच्या खोलीत, दाराच्या चौकटीच्याही वरून, चारही भिंतींलगत लहान रेल्वे फिरवायची आहे असे सांगितले. माप घ्यायला जाण्यापूर्वी मी तिथल्याच जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात तासभर घालवून आलो. तो सगळा देखावा आपण वरून किंवा बाजूने पाहतो, ही साधी गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही आणि पुढची चूक तिथेच पेरली गेली.

गाडी एचओ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची होती आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर होते. (या हिशेबाने आपला ब्रॉडगेज १९ मिलिमीटरांच्या वर जायला हवा, डब्यांना रंग भारतीय रेल्वेचा असला तरी खालचे रूळ परदेशी गेजचेच, हे त्या गृहस्थांनी मला फार कळकळीने समजावून सांगितले.) आम्ही १८ मिलिमीटर प्लायची सहा इंच रुंद फळी जमिनीपासून सात फुटांवर बसवली. इमारत जुनी असल्याने एकही कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हता आणि फरशीला अर्धा इंच उतार होता, म्हणून जमिनीवरून माप न घेता पाण्याच्या नळीने चारही भिंतींवर लेव्हल काढली. रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या चिमट्यांतून वीज पुढे जाताना कमी होत जाते, त्यामुळे दर सहा फुटांवर रुळांना वेगळ्या तारा डाग देऊन (सोल्डर करून) जोडल्या. गाडी घसरलीच तर मुलाच्या अंगावर पडू नये, म्हणून रूळ फळीच्या मधोमध ठेवले.

रविवारी संध्याकाळी गाडी सुरू केली. स्टुलांवर उभे असलेले आम्ही तिघे खुशीत होतो. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो मुलगा पलंगावर पडून वर पाहत होता. तो म्हणाला, “काका, गाडी कुठे आहे? नुसता आवाज येतोय.”

मला आधी तो हट्टच वाटला. मग मी त्याच्या शेजारी आडवा झालो. समोरच्या लांबच्या भिंतीवर डब्यांचे टप तेवढे सरकताना दिसत होते आणि बाजूच्या भिंतीवर काहीही दिसत नव्हते. हिशेब सोपा होता, फक्त तो आधी करायचा राहिला होता. उशीवरची नजर जमिनीपासून दोन फुटांवर, फळी तिच्यापेक्षा पाच फूट वर आणि बाजूची भिंतही पाच फूट दूर. म्हणजे नजर ४५ अंशांत वर जाते आणि डबा कडेपासून जितका आत, तितकीच त्याची उंची फळीआड लपते. आमचा डबा सव्वादोन इंच आत होता आणि रुळासकट त्याची उंची जेमतेम दोन इंच होती.

“साहेब, आपण सगळे स्टुलावरूनच बघत होतो,” असे मिस्त्री हळूच म्हणाले.

पूर्ण फळीच पारदर्शक ॲक्रिलिकची करावी असे त्या गृहस्थांनी सुचवले, पण मग ब्रॅकेट आणि तारांचे जंजाळ खालून उघडे पडले असते. त्याऐवजी डबा कडेपासून अर्ध्या इंचावर येईल इतके रूळ पुढे घेतले, त्यांच्याखाली १८ मिलिमीटरची पट्टी दिली आणि कडेला ॲक्रिलिकचा पारदर्शक कठडा लावला. वाक्य एका ओळीत संपले, काम चार दिवस चालले. रूळ पुढे आल्यामुळे प्रत्येक भिंतीवरचा सरळ भाग साडेतीन इंचांनी कापावा लागला आणि कोपऱ्यांतले गोलाईचे चारही तुकडे जिगसॉने, म्हणजे गोलाई कापणाऱ्या विजेच्या करवतीने, नव्याने कापावे लागले. त्यातही पहिल्याच कोपऱ्यावर गाडी अडली, कारण वळणावर लांब डब्याचे पोट खोलीच्या बाजूला झुकते आणि ते कठड्याला घासत होते. मग चारही वळणांवर कठडा बोटभर पुढे सरकवला.

नव्या तुकड्यांचे पैसे मी घेतले नाहीत. ॲक्रिलिकचे त्यांनी दिले. दुसऱ्या चाचणीच्या वेळी मुलाने तीन भिंतींवरची गाडी चाकांपर्यंत पाहिली आणि मग उशामागच्या भिंतीवर ती दिसत नाही अशी तक्रार केली. त्यासाठी पलंग खोलीच्या मध्यभागी आणावा असे बापलेकांचे ठरले होते, पण केर कसा काढायचा, असे मुलाच्या आईने विचारले आणि पलंग जागेवरच राहिला.