हंगाम संपल्यानंतरची तपासणी

अमेरिकेत वसंत ऋतूत खेळल्या जाणाऱ्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधील एका संघाबरोबर मी ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारी, म्हणून काम करते. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्यावर कवच घालून, बहुतांशी हातांनी खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल. फिजिओथेरपीचे माझे शिक्षण पुण्यात झाले असल्याने तिथल्या नातेवाइकांची अजूनही अशी समजूत आहे की मी रग्बीच्या कुठल्या तरी चमूत आहे, आणि ती दूर करण्याचा नाद मी सोडून दिला आहे. आमचा हंगाम जूनच्या सुरुवातीला संपतो. एनएफएल या मुख्य लीगच्या संघांची सराव शिबिरे जुलैच्या अखेरीस सुरू होतात. या दोन तारखांच्या मधल्या सहा-सात आठवड्यांत आमच्या बहुतेक खेळाडूंचे आयुष्य अडकलेले असते.

शेवटचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी प्रत्येक खेळाडूची निर्गमन तपासणी होते. अस्थिरोगतज्ज्ञ, आम्ही ट्रेनर, रक्तदाबापासून सांध्यांच्या हालचालींपर्यंतची तपासणी आणि शेवटी खेळाडूची सही, असा तो साधा कार्यक्रम. हंगामात झालेल्या दुखापतीची नोंद त्या दिवशी कागदावर आली नाही तर पुढे उपचारांचा खर्च मागताना खेळाडूची अडचण होते. आणि नोंद आली तर एनएफएलचा जो संघ त्याला बोलावील तो पहिल्यांदा तीच फाइल मागवतो. त्यामुळे एरवी किरकोळ दुखण्यासाठीही दार ठोठावणारी माणसे त्या सोमवारी अचानक ठणठणीत झालेली असतात.

मी ज्या सोमवारबद्दल लिहीत आहे, त्या दिवशी आमचा एक गार्ड तपासणीला आला. त्याची ओळख पटू नये म्हणून त्याचे महाविद्यालय आणि गाव सांगत नाही. गार्ड म्हणजे चेंडू टाकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या पाच जणांपैकी, म्हणजे लाइनमनपैकी, एक. मधोमध क्वार्टरबॅककडे चेंडू देऊन डाव सुरू करणारा सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. हा मुलगा सव्वाशे-दीडशे किलोच्या घरातला, बोलायला अत्यंत मृदू, आणि दहाही सामन्यांत एकही डाव न चुकवलेला. त्याच सकाळी त्याच्या एजंटला एनएफएलमधील एका संघाचा फोन आला होता: गुरुवारी चाचणीसाठी पाठवा. आमच्याकडे तेव्हा आठवड्याला पाच-साडेपाच हजार डॉलर मिळत. एनएफएलच्या नुसत्या सराव पथकात 2024 साली आठवड्याला 16,800 डॉलर होते, आणि मुख्य संघातील नवख्याला पूर्ण हंगामासाठी किमान 7,95,000. तेव्हा त्याचा आनंद मला समजत होता.

उजव्या पायावर उभे राहून टाच उचलायला सांगितली तेव्हा त्याने ती उचलली, पण हाताने टेबलाची कड धरून. नडगीची दोन्ही हाडे पोटरीच्या मध्यावर दाबली तेव्हा दुखणे खाली घोट्याच्या वर उमटले, आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळवताच त्याने श्वास रोखला. ही घोट्याची नेहमीची मुरगळ नव्हे. नडगीची दोन हाडे खालच्या टोकाला ज्या अस्थिबंधांनी बांधलेली असतात, त्यांना झालेली ही इजा आहे; इंग्रजीत हिला ‘हाय अँकल स्प्रेन’ म्हणतात. साधी मुरगळ दोन आठवड्यांत चालती होते, हिला अनेकदा सहा ते आठ आठवडे लागतात, आणि समोरच्या माणसाला पायाच्या रेट्याने ढकलणे हेच ज्याचे काम आहे त्याच्यासाठी ती फार वाईट जागी असते. दोन सामन्यांपूर्वी कोणीतरी मागून त्याच्या पायावर पडले होते, हे त्याने आता सांगितले. त्यानंतर तो स्वतःच पट्टी बांधून खेळला होता.

तो म्हणाला, “डॉक, हे लिहू नका. गुरुवारपर्यंत लिहू नका, एवढेच.” इथे ट्रेनरलाही डॉक म्हणण्याची पद्धत आहे. मी त्याला सांगितले की मी लिहिणार, आमचे डॉक्टर एमआरआय करायला सांगणार, आणि हे मी त्याच्याविरुद्ध करत नाही. हे वाक्य बोलायला सोपे आहे. ऐकणाऱ्याला ते खरे वाटावे अशी परिस्थिती मात्र नव्हती, कारण त्याने केलेला हिशेब चुकीचा नव्हता. सहा आठवडे विश्रांती आणि व्यायाम मिळाला तर शिबिराच्या पहिल्या दिवशी तो बरा असणार होता. अडचण फक्त गुरुवारची होती, आणि ती अडचण वैद्यकशास्त्राची नव्हती.

आमची लीग ही एनएफएलची ‘फार्म सिस्टम’, म्हणजे मुख्य संघांसाठी खेळाडू घडवणारी व्यवस्था, होऊ शकते का, हा वाद आमच्या जेवणघरात जवळजवळ रोज चाले. बेसबॉलमध्ये ही व्यवस्था ब्रँच रिकी यांनी सेंट लुईस कार्डिनल्ससाठी 1920 च्या दशकापासून उभी केली आणि आज तिचे स्वरूप अगदी स्पष्ट आहे: मुख्य लीगचे 30 संघ, आणि 2021 च्या फेररचनेनंतर प्रत्येकाशी जोडलेले चार याप्रमाणे 120 छोटे संघ. त्या छोट्या संघातील खेळाडूचा आणि प्रशिक्षकाचा पगार मुख्य संघ देतो, त्याने कोणत्या जागी खेळायचे हे मुख्य संघ ठरवतो, आणि त्याचा खांदा दुखावला तर किती आठवडे बसवायचे हेही तोच ठरवतो. छोट्या संघाने सामना हरला तरी चालतो. आमच्या गार्डची दुखापत अशा व्यवस्थेत निघाली असती तर तिला गुरुवार नसता. मालकाने आपलीच वस्तू दुरुस्तीला ठेवली असती, इतकेच.

आमच्याकडे असा मालक नाही. आमच्या मुख्य प्रशिक्षकांना सामने जिंकण्याचे वेतन मिळते, आणि प्रेक्षकांना व टीव्ही वाहिनीलाही तेच हवे असते. याचा अर्थ काय होतो ते त्याच दिवशी कळले. गार्डच्या संमतिपत्रावर सही झाल्यावर मी अहवाल पाठवला, आणि संध्याकाळी त्या एनएफएल संघाच्या वैद्यकीय विभागातून फोन आला. घोट्याबद्दलचे प्रश्न अपेक्षेप्रमाणे होते, आणि एमआरआयचा निकाल येईपर्यंत गुरुवारची चाचणी पुढे ढकलू असे त्यांनी सांगितले. मग पलीकडच्या गृहस्थांनी सहज विचारले की या मुलाने सेंटरच्या जागी खेळताना किती डाव काढले, कारण त्यांच्या लाइन प्रशिक्षकांना तो गार्ड म्हणून नको होता, सेंटर म्हणून हवा होता. हा प्रश्न माझ्या खात्यातला नव्हता. मी तो आमच्या चित्रफिती सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडे दिला. त्याने पूर्ण हंगाम शोधला. सेंटरच्या जागी तो मुलगा एकाही सामन्यात उभा राहिला नव्हता. सराव सुरू होण्यापूर्वी राखीव क्वार्टरबॅककडे तो चेंडू देत असे, हे आम्ही सर्वांनी पाहिले होते, पण त्या वेळी कॅमेरे चालू नसत.

आमच्या प्रशिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. आमचा सेंटर उत्तम होता, आणि परक्या संघाच्या सोयीसाठी त्याला बसवणे हा वेडेपणा ठरला असता. शिवाय तो एनएफएल संघ आम्हाला एक डॉलरही देत नव्हता. त्याला सेंटर हवा आहे हे त्याने आम्हाला मार्चमध्ये कळवलेही नव्हते.

एनएफएलने असे काही करून पाहिलेच नाही असे नाही. युरोपात चालवलेली त्यांची लीग 2007 च्या उन्हाळ्यात बंद होईपर्यंत बऱ्याच अंशी तसेच काम करत होती. मुख्य संघ आपले तरुण खेळाडू तिकडे नेमून पाठवत. कर्ट वॉर्नर 1998 साली ॲमस्टरडॅमकडून खेळला तो एनएफएलमधील रॅम्स संघाने पाठवला म्हणून, आणि पुढच्याच मोसमात तो रॅम्सला सुपर बोल हा एनएफएलचा अंतिम सामना जिंकून देऊन मोकळा झाला. पण ती लीग तोट्यात होती, आणि महाविद्यालये दरवर्षी तयार खेळाडू पुरवत असताना तो तोटा का सोसायचा याचे उत्तर मालकांना मिळाले नाही. पुढे 2019 मध्ये अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल ही लीग फेब्रुवारीत सुरू होऊन 2 एप्रिलला, दहापैकी आठच आठवडे पुरे करून थांबली. तिचे गुंतवणूकदार टॉम डंडन यांनी त्याआधी जाहीरपणे सांगितले होते की एनएफएलमधील तरुण खेळाडू वापरायला खेळाडूंच्या संघटनेने मुभा दिली नाही तर लीग चालणार नाही. त्या वेळी संघटनेवर पुष्कळ टीका झाली. मी मात्र संघटनेच्या बाजूची आहे. वसंतात दहा सामने आणि शरदात पुन्हा सतरा, हे वेळापत्रक लाइनमनच्या गुडघ्याघोट्यांवर लादण्याची परवानगी माझ्याकडे मागितली असती तर मीही दिली नसती.

तरीही त्याच सोमवारी रांगेत आमचा किकर, म्हणजे खांबांच्या मधून चेंडू लाथाडून गुण मिळवणारा खेळाडू, होता, आणि त्याची तपासणी काही मिनिटांत संपली. त्याचे शरीर हंगामाआधी होते तसेच होते. किकरला हवे असते ते खऱ्या सामन्यात, खऱ्या दडपणाखाली किक मारायला मिळणे, आणि ते आमच्यासारख्या लीगमध्ये भरपूर मिळते. ब्रँडन ऑब्री आधी सॉकर खेळत असे; बर्मिंगहॅम स्टॅलियन्स या वसंतातल्या संघाकडून 2022 आणि 2023 चे दोन हंगाम किक मारून तो एनएफएलमधील डॅलस काउबॉईजकडे गेला आणि कारकिर्दीतल्या पहिल्या 35 फील्ड गोलपैकी, म्हणजे तशा किकपैकी, एकही चुकला नाही. जेक बेट्स आर्कान्सासला महाविद्यालयात केवळ किकऑफचे, म्हणजे खेळ सुरू करणारी किक मारण्याचे, काम करत असे. 2024 मध्ये मिशिगन पँथर्स या वसंतातल्याच संघाकडून त्याने 64 यार्डांचा फील्ड गोल मारला आणि त्या वर्षी तो डेट्रॉइट लायन्सचा किकर झाला. नियमांचेही तसेच आहे: 2020 साली एक्सएफएल या वसंतातल्याच लीगने वापरलेल्या किकऑफच्या रचनेवरूनच एनएफएलने 2024 मध्ये आपला किकऑफ बदलला. ज्याला दुसऱ्या कोणाचे पैसे, वेळ किंवा अस्थिबंध लागत नाहीत, ते सर्व आमच्याकडे छान उगवते. लाइनमन आणि क्वार्टरबॅक यांना दोन-तीन वर्षे सांभाळणारे कोणीतरी लागते, आणि नेमक्या याच दोन जागांवर एनएफएलला माणसांची सर्वात जास्त चणचण असते.

एमआरआयमध्ये अस्थिबंध अर्धवट फाटलेला निघाला. शस्त्रक्रिया लागली नाही. दरम्यान त्या संघाने दुसरा सेंटर घेतला. आमचा गार्ड जुलैअखेर व्यवस्थित धावू लागला. ऑगस्टमध्ये दुसऱ्याच एका संघाचे दोन लाइनमन जायबंदी झाल्यावर त्याला शिबिरात बोलावले गेले, आणि 90 जणांतून 53 निवडले गेले त्या दिवशी परत पाठवले गेले. पुढच्या वसंतात तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या एजंटने मुख्य प्रशिक्षकांना पत्र लिहिले होते की याला अधूनमधून सेंटरच्या जागी खेळवावे. प्रशिक्षकांनी मोठ्या मनाने हंगामापूर्वीच्या सराव सामन्यातील दोन ड्राइव्ह, म्हणजे आक्रमणाच्या दोन पाळ्या, त्याला दिले, आणि कॅमेरेही चालू ठेवायला सांगितले. हंगामात मात्र आमचा सेंटर एकदाही जखमी झाला नाही.