माजघराच्या दारावरचा रंग

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराचं माजघराचं दार सागवानी आहे. दोन झडपा, वर गणेशपट्टी, चौकटीला कमळाच्या पाकळ्या. पण मला आठवतं तेव्हापासून ते ऑइलपेंटखालीच होतं. घरात लग्न आलं, मुंज आली की रंगाचा आणखी एक हात बसायचा. शेवटी पाकळ्या बुजून नुसते फुगवटे उरले. ह्या मार्चमध्ये मी तो रंग काढायला घेतला.

सुरुवातच चुकली. बोलावलेल्या कारागिराने ग्राइंडर लावला आणि दहा मिनिटांत डाव्या झडपेच्या खालच्या फळीवर गोल गोल चरे पाडले. मी लगेच थांबवलं. पण चऱ्यांपेक्षा धुळीने मला जास्त घाबरवलं. ती ओटीपर्यंत पसरली होती आणि तिथे बहिणीची दीड वर्षाची मुलगी खेळत होती. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम लागू झाला तो १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं आहे असंच धरून चालावं. लहान मुलांची बोटं सारखी तोंडात जातात, आणि शिशाचा घाला थेट त्यांच्या मेंदूवर होतो. बहीण त्याच दिवशी लेकीला घेऊन चिपळूणला गेली. सगळं घर ओल्या फडक्याने पुसून काढलं आणि कोरडं घासणं कायमचं बंद केलं.

गावातले सुतारकाका येऊन दार बघून गेले. म्हणाले, "घाई करू नका. रंग शेकून सैल करा, लाकडाला दुखवू नका." म्हणून गरम हवा फेकणारी हीट गन आणली. ती कमी तापमानावरच ठेवायची, कारण फार तापवलं तर शिशाची वाफ होते आणि लाकूडही करपतं. चार बोटं अंतरावर धरून हळूहळू फिरवली की रंगाला आधी सुरकुती पडते, मग तो दुधाच्या सायीसारखा वर उचलतो. त्याच क्षणी लांबी (पुट्टी) भरायचा पत्रा तिरका ढकलायचा. जरा उशीर झाला की रंग पुन्हा घट्ट. वर चॉकलेटी, त्याखाली पोपटी, मग आकाशी आणि तळाला शेंदरी अस्तर, असे चार थर एकाच पट्टीत सुटून यायचे. शेंदूर हे शिशाचंच ऑक्साइड, आणि पूर्वी अस्तराच्या रंगात ते घालत. तो रंग दिसल्यावर मास्क एकदाही खाली केला नाही.

पाकळ्यांपाशी गन चालेना, कडा करपायची भीती. तिथे पेंट रिमूव्हर ब्रशने लावून, दारं-खिडक्या उघड्या टाकून, बांबूची कामटी टोकदार करून एकेक खाच कोरली. एका पाकळीला वीस मिनिटं लागायची. तावदानांच्या चौकटींनाही रिमूव्हरच वापरला, कारण गनच्या उष्णतेने काच तडकते.

कुणीतरी कॉस्टिक सोडा सुचवला होता. तो एका झडपेच्या मागच्या बाजूला लावून पाहिला. रंग गेला, पण सागवान काळं पडलं. व्हिनेगरच्या पाण्याने धुतलं, डाग फिकट झाला, गेला नाही. सागवानाला सोडा लावू नका.

निघालेला रंग खाली अंथरलेल्या प्लास्टिकवर गोळा करून बांधून ठेवला. आमच्याकडे असला कचरा पाणी तापवायच्या चुलीत जातो. आईला हात जोडून सांगितलं, हा मात्र नाही, ह्याचा धूर विषारी.

शेवटी पाणी मारत १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. दोन दिवस वाळू दिलं. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश आमच्या दमट हवेत पांढरं पडतं, म्हणून जवसाच्या तेलात थोडं टर्पेंटाइन घालून तीन हात दिले. तेलाची फडकी बोळा करून टाकायची नाहीत, ती आपोआप तापून पेटतात. मी ती दोरीवर पसरून वाळवली.

तेलाचा पहिला हात बसला तेव्हा चौकटीच्या सांध्यावर पटाशीने मारलेल्या तीन आडव्या खुणा दिसल्या. समोरच्या तुकड्यावरही तीनच. कुठला तुकडा कुठे बसवायचा हे कळावं म्हणून दार घडवणाऱ्याने केलेल्या त्या खुणा. आई त्यांच्यावर बोट फिरवत बराच वेळ उभी होती.

मधल्या खोलीच्या चार खिडक्या राहिल्यात. त्या आता दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.