मेंढ्याचं जंगल, कोरचीच्या बाया

ब्रह्मपुरी सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला की आरमोरी येतं आणि गडचिरोली जिल्हा सुरू होतो. मार्च संपत आला होता. नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती, धानाच्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या, पळस झडत आला होता. नागपूरहून निघालेली एसटी गडचिरोलीला पोचेपर्यंत दुपार कलली. तिथून धानोऱ्याच्या रस्त्याला तीसेक किलोमीटरवर मेंढा (लेखा). जेमतेम शंभर घरांचं गोंड आदिवासींचं हे गाव. ग्रामसभा, वनहक्क, जंगल या विषयांवर वाचणाऱ्या प्रत्येकाला ते नावानं ठाऊक असतं. मलाही ते वर्षानुवर्षं तेवढंच ठाऊक होतं.

पर्यावरणाचं काम म्हटलं की शहरात आपल्यासमोर वृक्षारोपण येतं, नाहीतर मोर्चा. दोन्हींत मी गेलेलो आहे आणि दोन्हींची गरज मला मनापासून वाटते. पण जंगल ज्यांच्या हातात कायद्यानं आलं ते पुढे त्याचं काय करतात, हे बघायचं होतं. राखतात की विकून मोकळे होतात? मुंबई-पुण्यात हा प्रश्न मी कितीतरी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे आणि दर वेळी त्यातला अविश्वास मला टोचला आहे.

मेंढ्याची गोष्ट समजायची तर ऐंशीच्या दशकात जावं लागतं. गोदावरी आणि इंद्रावतीवर इचमपल्ली व भोपालपटनम ही दोन मोठी धरणं प्रस्तावित होती. जंगल आणि गावं पाण्याखाली जाणार म्हणून आदिवासी उठले आणि 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. त्यात बाबा आमटे होते, आदिवासींचे नेते लालश्याम शाह महाराज होते. धरणं थांबली. पण आंदोलन संपलं म्हणून माणसं स्वस्थ बसली नाहीत. मेंढ्याचे देवाजी तोफा त्यातूनच पुढे आले. वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल सर्वसहमतीनं निर्णय घेणारं गाव शोधत होते, ते मेंढ्यात पोचले आणि या गावाचे कायमचे सोबती झाले. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही इथली घोषणा. गोंडीत तिचा शेवट 'मावा नाटे माटे सरकार' असा होतो. लहान पोरंही ती एका दमात म्हणतात.

त्या सुरुवातीच्या वर्षांत गावानं घोटुल पुन्हा बांधायचं ठरवलं. घोटुल म्हणजे तरुण पोरापोरींच्या शिकण्याची, नाचगाण्याची आणि गावाच्या एकत्र बसण्याची जागा. जंगलातून सागाचं लाकूड आणून ते उभं केलं. सरकारी माणसं आली, पाडून लाकूड घेऊन गेली. तेव्हा आजूबाजूच्या गावांनी आपापल्या गावात घोटुलं बांधायला काढली. किती घोटुलं पाडणार? हा प्रसंग सांगताना गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांचे डोळे चमकले. मला मात्र ऐकताना राग येत होता. पिढ्यान्‌पिढ्या या जंगलात राहणाऱ्यांनी स्वतःच्या गावाच्या कामासाठी चार खांब आणले तर तो गुन्हा, आणि त्याच काळात कागद कारखान्याला याच भागातला बांबू सवलतीच्या भावात मिळत होता.

संध्याकाळी ग्रामसभा होती. बाहेरच्या माणसानं बसायचं तर आधी विचारावं लागतं, तसं विचारलं. "बसा जी, पण मधात बोलू नका," एवढंच सांगितलं गेलं. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, मधे पोरांची ये-जा. विषय वणव्याचा होता. मोहफुलं वेचायला सोपी पडावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची सवय या सगळ्या पट्ट्यात आहे आणि तीच आग पुढे जंगलभर जाते. मेंढ्यानं जंगलाला आग लावायची नाही असा नियम कधीच केला आहे. इथे झाडाखालचा पाचोळा झाडून काढतात. पण आग शेजारच्या हद्दीतून येते. म्हणून पहाटे पाळीपाळीनं फिरायचं, असा विचार मांडला गेला.

बहुतेकांनी मान डोलावली. एक जण उठला. घरात तो आणि त्याची म्हातारी आई एवढीच माणसं. पहाटे तो राखणीला गेला तर मोहफुलं कोण वेचणार? पहाटे पडलेलं फूल उन्हं चढेपर्यंत उचललं नाही तर गुरं आणि हरणं खाऊन जातात, आणि त्या फुलांवरच त्याचा पावसाळ्याचा खर्च भागतो. आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या बैठकीत इथे हात वर करायला सांगितलं असतं आणि विषय संपला असता. इथे तसं होत नाही. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय होत नाही. चर्चा लांबत गेली. एक बाई म्हणाली, त्याच्या झाडाची फुलं आम्ही वेचून देतो. त्याला ते नको होतं, उपकार नको म्हणाला. शेवटी त्याची पाळी मोहाचा हंगाम सरल्यावर लावायची असं ठरलं आणि सगळ्यांनी होकार दिला. रात्र बरीच झाली होती.

मी नंतर त्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं, एवढा वेळ कशाला घालवायचा? ते म्हणाले, "बहुमतात हरलेला माणूस गावातच राहते जी. तो जंगल काहून राखंल?"

मला वाटतं, मेंढ्याचं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे. हजारो एकर जंगल राखायला शंभर घरांकडे ना पोलीस आहेत ना पगारी चौकीदार. प्रत्येकानं नियम स्वतःचा मानला तरच तो पाळला जातो. म्हणून इथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यास गट असतो. त्यात गावातले आणि बाहेरचे, कोणीही बसून एखादा विषय समजून घेतात, पण निर्णय करत नाहीत. निर्णय ग्रामसभेचा. अशाच अभ्यासातून इथल्या लोकांनी आग्या माश्यांचं पोळं न जाळता, माश्या न मारता मध काढायची रीत बसवली. पोळ्याचा मधाचा भागच कापायचा, अंड्यांचा भाग तसाच ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जण मला बांबू दाखवायला घेऊन गेले. बांबूच्या एका बेटापाशी आम्ही बराच वेळ थांबलो, आणि तिथे जे पाहिलं ते मला कुठल्याच अहवालात इतकं स्पष्ट कळलं नव्हतं. एकाच बेटात चार वयांचे बांबू असतात. यंदाचा कोवळा, अंगावर पांढरी भुकटी आणि बुंध्याशी अजून चिकटलेली आवरणं. त्यावर कुऱ्हाड चालवायची नाही. गेल्या वर्षीचाही राखायचा, कारण नवे कोंब त्याच्या जोरावर येतात. रंग पिवळसर झालेला, ठिपके पडलेला जुना बांबू तेवढा काढायचा. कापायचा तो जमिनीलगत, पेराच्या जरा वर. मधेच कापला तर उरलेल्या पोकळ नळीत पावसाचं पाणी साचून बुंधा कुजतो. आणि बेटाच्या बाहेरच्या कडेनं छाटत जायचं नाही, कारण नवा बांबू कडेनंच फुटतो. एका बाजूनं वाट करून आत शिरायचं आणि मधला जुना माल ओढून काढायचा. यात वेळ जातो, अंगाला ओरखडे येतात. ठेकेदाराचा मजूर दिवसाच्या आकड्यावर काम करतो, त्याला हे परवडत नाही. तो हाताला लागेल ते कडेनं तोडतो आणि बेट मरतं. पावसाळ्यात तोड बंद, तेव्हा जमिनीतून वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, वर येतात. वास्त्यांची भाजी सगळ्यांनाच आवडते, पण सगळेच वास्ते खाल्ले तर बांबू कुठून येणार, हेही इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

याच बांबूसाठी गावाला किती झगडावं लागलं! 2006 साली वनहक्क कायदा, म्हणजे जंगलात राहणाऱ्यांचे जंगलावरचे हक्क मान्य करणारा कायदा झाला. त्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे गावकऱ्यांना गोळा करून विकता येणाऱ्या जंगलातल्या मालात, स्पष्ट लिहिलेला आहे. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावाचा मिळून हक्क, मान्य झाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. पण बांबू तोडून विकायचा तर वाहतूक परवाना हवा आणि तो मिळेना. 1927 चा भारतीय वन कायदा बांबूला झाडांत मोजत होता, म्हणजे हक्क कागदावर आणि माल जंगलात. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. स्वतःच्या जंगलातल्या मालाचा परवाना गावानंच लिहायचा. बांबूच्या पैशातून मजुरी गेली, जंगलाचं काम झालं, ग्रामकोषात भर पडली.

2013 मध्ये गावानं आणखी एक पाऊल टाकलं. महाराष्ट्राच्या 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली आपली सगळी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसणारा कसतच राहील, पण बाहेरच्याला विकता येणार नाही. या निर्णयाची सरकारदरबारी दखल घेतली जावी म्हणून गावाला वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले, उच्च न्यायालयात जावं लागलं. ग्रामदानाची चळवळ उभी करणाऱ्या विनोबांच्या महाराष्ट्रात हे व्हावं याचं मला दुःख वाटतं.

मेंढ्याहून परत गडचिरोली, मग आरमोरी, कुरखेडा आणि पुढे कोरची. कोरची तालुका जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पलीकडे छत्तीसगड. रस्ता साल-सागाच्या जंगलातून, चढउताराचा. प्रवासाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. एसटी वेळेवर आली आणि खिडकीची जागा मिळाली.

कोरचीला मी गेलो ते बायांना भेटायला. मेंढा एका गावाची गोष्ट आहे. कोरचीत नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी एकत्र येऊन 2017 मध्ये महाग्रामसभा उभी केली. प्रत्येक गावातून दोन बाया आणि दोन पुरुष असे प्रतिनिधी येतात. हे आपोआप झालेलं नाही. कुरखेड्याची 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था, डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची, कित्येक वर्षं या भागात बचत गट, आरोग्य आणि वनहक्कांवर काम करत आली आहे. बचत गटातून बाया बोलायला लागल्या, मग ग्रामसभेत येऊन बसायला लागल्या. आधी तिथे त्यांना जागाच नव्हती.

एका गावात अंगणात बसून बोलत होतो. समोर ताटव्यावर मोहफुलं वाळत होती, सगळीकडे तो गोडसर जड वास. पन्नाशीच्या एका बाईंनी सांगितलं, "पहिले मी मिटिंगला गेली तं मानसं म्हनाले, हिचं काय काम? मी म्हनलं, जंगलात रोज कोन जाते? सरपन कोन आनते, मोह कोन वेचते, तेंदू कोन तोडते? मंग जंगलाचं तुमीच कसं ठरवता?" बाजूच्या सगळ्या जणी हसल्या. प्रश्न इतका साधा होता की त्याला उत्तर देणं कोणालाच जमलं नसणार.

तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, व्यवहार हा इथल्या वर्षाचा कणा. मे महिन्यात घरचं दार लावून सगळं कुटुंब पहाटे जंगलात जातं, दुपारी अंगणात बसून पानांचे पुडके बांधतं, संध्याकाळी फडावर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मोजून देतं. एका पुडक्यात सत्तर पानं. आता ग्रामसभा एकत्र येऊन लिलाव करतात, त्यामुळे भाव ठरवताना ठेकेदाराला एकट्यादुकट्या गावाला दाबता येत नाही. अडचणी संपल्या आहेत असं नाही. ठेकेदार पैसे थकवतात, हिशेब ठेवणारी शिकलेली पोरं मिळत नाहीत, कधी गावाचाच कोणी माणूस फुटतो. बायांनी हे काहीही लपवलं नाही. मला ते आवडलं.

आणि झेंडेपार. कोरची तालुक्यातला हा डोंगर लोहखनिजाचा. तिथे खाण काढण्याचे प्रस्ताव आहेत आणि ग्रामसभांचा त्याला विरोध आहे. डोंगरावर त्यांची देवस्थानं आहेत, जत्रा भरते. जिल्ह्याच्या दक्षिणेला एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर खाण सुरू झालेलीच आहे. लाल माती, ट्रकांच्या रांगा, उखडलेले रस्ते, हे सगळं इथल्या लोकांच्या कानावर रोज येतं. रोजगार येईल म्हणणारेही गावागावात आहेत आणि घरात दोन शिकलेली बेकार पोरं असलेल्या बापाला मी चूक म्हणू शकत नाही. पण अंगणातल्या त्या बाईंचा हिशेब ऐकण्यासारखा होता. खाणीत नोकरी लागेल ती पोराला, कदाचित. मोह, तेंदू, चारोळी, हिरडा, बेहडा यांचा पैसा बाईच्या हातात येतो. डोंगर गेला तर घरात बाईच्या हातचा पैसा जातो. रोजगाराच्या कुठल्याही चर्चेत हा मुद्दा माझ्या तरी कानावर आला नव्हता.

गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. या बाबतीत देशातल्या आघाडीच्या जिल्ह्यांपैकी हा एक. नक्षलवाद आणि मागासलेपण याखेरीज या जिल्ह्याची बातमीच आपण वाचत नाही, याची मला चीड येते. लोकशाही कशी चालवावी याचा एवढा मोठा प्रयोग आपल्याच राज्यात, आपल्याच काळात चालू आहे.

कोणाला जायचं असेल तर दोन गोष्टी. आधी ग्रामसभेला कळवा आणि होकार आला तरच जा. ही पर्यटनाची ठिकाणं नाहीत आणि तुमच्याशी बोलायला बसणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. बचत गटाकडून मोहाचे लाडू, चारोळी, मध विकत घ्या, घासाघीस करू नका. दुसरं म्हणजे मे महिन्यात जाऊ नका. गावात कोणी भेटणार नाही, सगळे तेंदूवर असतात.