जांबोटी पट्टा: तो लाल ठिपका मुरूम निघाला

मंडळी, सॅटेलाइटच्या चित्रांवरनं बॉक्साइट (ॲल्युमिनियम ज्यातून काढतात तो दगड) शोधताना, मागच्या वेळी बेळगावकडच्या जांबोटी रोडजवळचा जो लालभडक ठिपका दाखवला होता ना, तो गेला. रविवारी स्वतः जाऊन बघून आलो. तिथं नवीन प्लॉट पाडलेत, सगळं सपाट करून वर बाहेरनं आणलेला मुरूम पसरलाय. राखणीला बसलेले मामा म्हणाले, "ट्रक येऊन दोन महिने झाले की." म्हणजे सॅटेलाइटनं दाखवलं ते बरोबरच होतं, जांभ्याचीच माती, फक्त ती तिथली नाही.

तीन आठवडे गेले ह्याच्यात. सेंटिनेल-२ सॅटेलाइट प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे (बँड) नंबरवार टिपतो. त्यातल्या ४ ला २ नं भागलं की येणारा ४/२ रेशो लोखंडाला चढतो, ११/१२ हायड्रॉक्सिलवाल्या (ओएच गट असलेल्या, चिकणमातीसारख्या) खनिजांना, आणि ठिपका दोन्हीत चमकत होता. खानापूरच्या कौलांनी मागे असंच फसवलेलं, पण कौल भाजलेलं असतं, भाजताना मातीतलं हायड्रॉक्सिल निघून जातं, म्हणून ते ११/१२ मध्ये चमकत नाही आणि लगेच कळतं. मुरूम कच्चा, तो दोन्ही चाळण्यांतून आरपार. शेवटी २०१७ चा त्याच महिन्याचा सीन (सॅटेलाइटचं चित्र) उघडला तर तिथं साधं शेत! हे आधीच बघायला हवं होतं. आता माझा नियम ठरला, जुना सीन बघितल्याशिवाय गाडीत पेट्रोल घालायचं नाही.

पण येताना घाटात रस्त्याच्या कापावर थांबलो ते बरं झालं. वर तपकिरी जांभा, खाली फिकट गुलाबी थर, पायथ्याला पडलेला एक तुकडा उचलला. आत वाटाण्याएवढे गोळे गोळे, बाथरूम टाइलच्या मागच्या बाजूवर घासला तर रेघ जवळजवळ पांढरी (रेघेचा रंग बघायची विकतची स्ट्रीक प्लेट घेऊ नका, हीच बेस्ट), जुन्या स्पीकरचं मॅग्नेट चिकटत नाही, आणि फुंकर घातली की पहिल्या पावसाचा वास. बॉक्साइटचाच असणार असं मला वाटतंय, दोन दिवस झाले टेबलावरनं हलवला नाही.

आणि हे लिहिता लिहिता डोक्यात आलं, आपण इतके दिवस सड्याचा (जांभ्याच्या सपाट पठाराचा) माथा स्कॅन करतोय! माथ्यावर लोखंडी जांभ्याची टोपी, सॅटेलाइटला तेवढीच दिसणार. फिकट थर उघडा पडतो तो कडेला. शिवाय सेंटिनेलचा १२ नंबर बँड साधारण २.१ ते २.२८ मायक्रॉन एवढा रुंद, त्यात केओलिनाइट (चिकणमातीचं खनिज, २.२ ला प्रकाश शोषतं) आणि गिब्साइट (बॉक्साइटमधलं खनिज, २.२७ ला) दोन्ही एकत्र होतात. ॲस्टर या दुसऱ्या सॅटेलाइट कॅमेऱ्याचे ६ आणि ७ नंबरचे बँड ते वेगळे करतात, फक्त त्याचं एसडब्ल्यूआयआर (हे बँड टिपणारा इन्फ्रारेड भाग) २००८ मध्ये बंद पडलं, म्हणून त्याआधीचेच सीन शोधायचे. आत्ताच एक लावून बघितला, एनडीव्हीआय मास्क (हिरवळ झाकणारी चाळणी) टाकून ६/७, कडेनं चारपाच पिक्सेल उजळले. ३० मीटरचा पिक्सेल आणि थर जेमतेम दोन पुरुष उंच, त्यामुळे फार विश्वास नाही, वाळलेलं गवतही मास्कमधनं निसटतं.

म्हणून पीसीए वगैरे आकडेमोड सध्या बाजूला. एसआरटीएमवरनं (जमिनीच्या उंचीच्या सॅटेलाइट डेटावरनं) उताराचा नकाशा काढून कडा आखतो आणि येत्या रविवारी त्या कडेनं चालत जातो. भीमगड अभयारण्याची हद्द नकाशावर आधी टाकून घेतलीय, तिकडं पाय ठेवायचा नाही.