पगारपत्रकातले १३८ रुपये

डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती लिहून दिली. चिठ्ठीवर 'डिप्रेशन' वाचून साहेब म्हणाले, "रजा शिल्लक नाही, बिनपगारी घ्या नाहीतर राजीनामा द्या." दोन रात्री झोप नाही. घरात कुणाला सांगितलंही नव्हतं.

आज जेवणाच्या सुट्टीत युनियनच्या काकांना गाठलं. त्यांनी माझी पगाराची स्लिप मागितली, चष्मा वर केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, १३८ रुपये. "हे दर महिन्याला कापून जातात ना पोरी? मग हक्काने माग."

मला खरंच माहीत नव्हतं. सहा महिन्यांच्या हप्ता-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. दाखला मात्र ईएसआयच्या डॉक्टरांचा लागतो. मनाचा आजारही आजारच धरला जातो. आणि हा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही. हे ऐकलं आणि तिथेच डबा उघडा ठेवून रडले. काका काही बोलले नाहीत, पाण्याची बाटली पुढे सरकवली.

२१ हजारांच्या आत पगार असलेल्या मैत्रिणींनो, आजच स्लिप काढून बघा. फारच जड वाटलं तर १४४१६ वर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

उद्या सकाळी दवाखान्यात जातेय. आई सोबत येतेय, तिला आज सगळं सांगितलं.